जोखमीतल्या मुलांसोबत भित्तिचित्र: पहिल्या तासापासून शेवटच्या हातापर्यंत

शाळा सुटण्याच्या बेतात असलेली, घरात मारहाण पाहिलेली, बालगृहात राहणारी, पोलिसांची पायरी चढून आलेली मुलं. अशा गटाला कला शिकवायला निघालेला नवा माणूस बहुधा आधी रंगांची यादी करतो. ती थांबू द्या. आधी हे धरून चाला की मुलं रोज येणार नाहीत. कुणाची तारीख असेल, कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचं असेल, कुणाला त्या दिवशी माणसंच नकोशी झाली असतील. ‘मागच्या वेळी शिकवलं तिथून पुढे’ अशा पद्धतीने आखलेला वर्ग तिसऱ्या आठवड्यात कोलमडतो. चुकलेला मुलगा परत आला की त्याला करण्यासारखं काहीच नसतं, आणि मग तो येणंच सोडतो. म्हणून प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण हवा, आणि मोठं चित्र अशा तुकड्यांचं हवं की दोन आठवड्यांनी उगवलेल्यालाही पाच मिनिटांत ब्रश हातात घेता यावा. खालची सगळी पद्धत याच एका अडचणीभोवती बेतली आहे.

गट आणि तास

पटावर १५ मुलं घ्या, म्हणजे प्रत्यक्षात नऊ-दहा असतात. मोठी माणसं किमान दोन. एकजण शिकवेल आणि दुसऱ्याचे हात रिकामे राहतील, कारण कुणीतरी उठून बाहेर जाणार हे ठरलेलं आणि त्याच्यामागे जाणारं माणूस लागतं. दुसऱ्यालाही रंग कालवायला बसवलंत की ही सोय संपली.

नव्वद मिनिटांचा तास असा वाटता येतो: पहिली १० मिनिटं येणाऱ्यांसाठी, टेबलावर काम आधीच मांडलेलं, ५ मिनिटं दाखवणं, ४५ मिनिटं काम, १५ मिनिटं आवराआवर, १० मिनिटं भिंतीवर लावलेली कामं बघणं, ५ मिनिटं निरोप. पहिली १० मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. मुलगा दारातून आत आला आणि त्याला ‘जरा थांब, सगळे येऊ देत’ असं ऐकावं लागलं, तर त्या थांबण्यातच भांडण सुरू होतं. कागद आणि कोळसा समोर असला की तो न बोलता बसू शकतो. आवरण्याची १५ मिनिटंही कापू नका. ब्रश धुणं हे न बोलता शेजारी उभं राहण्याचं काम आहे, आणि मुलं बोलतात ती बहुतेक नळापाशीच.

तास तोच, वार तोच, जागा तीच, सुरुवातीचा क्रम तोच. ज्यांच्या घरी कशाचाच भरवसा नसतो त्यांना हा कंटाळा हवा असतो. सुट्टी असेल तर एक आठवडा आधी सांगा आणि कागदावर लिहून लावा.

पहिले चार-पाच तास काय घ्यावं

चित्र ‘येत नाही’ हे या मुलांनी बऱ्याचदा ऐकलेलं असतं. त्यामुळे सुरुवातीला अशी माध्यमं घ्या ज्यांत चुकीची रेघ नावाची वस्तूच नाही.

कोळसा पुसून काढायचं चित्र यात सगळ्यात भरवशाचं. ए३ आकाराच्या जाड कागदावर (किमान १२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम; पातळ कागद पुसताना फाटतो) आडवा कोळसा घासून सगळा कागद मध्यम करडा करायचा, फडक्याने एकसारखा करायचा, आणि मग खोडरबराने उजेड ‘काढायचा’. समोर टेबलावर एक बाटली आणि एकाच बाजूने दिवा. खोडरबर मऊ, मळता येणारं हवं. साधं पांढरं रबर कोळसा चोळून चिकट डाग पाडतं. चुकलं तर परत कोळसा फिरवायचा, झालं. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या हाती काहीतरी ठसठशीत येतं. कागदाची चळत खोलीच्या एका टोकाला ठेवा आणि खिडक्या उघडा, भुकटी उडते.

दुसरं, मोनोप्रिंट. ॲक्रिलिकच्या गुळगुळीत तुकड्यावर छपाईच्या शाईचा पातळ थर रोलरने पसरवायचा, त्यावर कागद हलकेच ठेवून मागून पेन्सिलीने रेघ ओढायची आणि उचलायचं. शाई जाड झाली की अख्खा कागद काळा येतो. रोलर फिरवताना चिकट ‘चर्र’ असा बारीक आवाज आला की थर बरोबर, फचफच आवाज आला की जास्त. थरथरत्या हाताची रेघही छापून आली की देखणी दिसते, म्हणून हे बिचकणाऱ्या मुलांसाठी घ्यावं.

पुढे स्टेन्सिल, कागदकाम, मातीकाम यांतलं जमेल ते. स्टेन्सिलसाठी कटर देण्याआधी गटाची ओळख होऊ द्या; तोवर फाडलेल्या कागदाचं स्टेन्सिल चालतं आणि कडा जास्त छान येतात.

दोन विषय सुरुवातीला टाळा: ‘माझं घर’ आणि स्वतःचा चेहरा. वरकरणी ते निरुपद्रवी वाटतात, पण ज्याच्या घरातून त्याला हलवलंय त्याच्यासमोर तुम्ही कोरा कागद ठेवून घर मागताय. मुलाला वाटेल तेव्हा तो स्वतः तिथे जाईल. तसंच चित्राचा अर्थ लावत बसू नका. काळा रंग म्हणजे दुःख, मोठे हात म्हणजे राग, असल्या कुंडल्या मांडणं तुमचं काम नाही. काळा डबा फक्त जवळ असतो म्हणूनही काळा वापरला जातो.

हत्यारं, बोलणं आणि अवघड प्रसंग

हत्यारं मोजूनच द्या आणि मोजूनच घ्या. प्लायवूडच्या फळीवर प्रत्येक कात्रीची, स्क्रेपरची, कटरची बाह्यरेषा रंगवून ठेवा. वस्तू परत टांगली नाही तर रिकामा आकार सगळ्यांना दिसतो आणि कुणा एकावर संशय घ्यावा लागत नाही. काही हरवलं तर ‘कुणी घेतलं’ असं विचारू नका. ‘एक कटर कमी आहे, तो मिळेपर्यंत आपण आवरत राहू’ एवढं पुरतं.

कौतुकात ‘वा, मस्त’ हे शब्द या मुलांपुढे लगेच खोटे पडतात, कारण ती बोलणाऱ्याचा स्वर बारकाईने वाचतात. जे दिसतंय ते सांगा: ‘ही कड तू तीन वेळा गडद केलीस, म्हणून बाटली पुढे आली.’ यात शाबासकी नाही, पण तुम्ही खरंच पाहिलंत हे त्याला कळतं.

कुणी स्वतःचं काम फाडलं तर तुकडे फेकू नका, पाकिटात घालून नाव लिहून ठेवा. पुढच्या कोलाजच्या तासाला ते पाकीट त्याच्यासमोर येऊ शकतं. नको म्हणाला तर नको. दुसऱ्याचं काम फाडलं तर मात्र तो तास त्याच्यासाठी तिथेच संपतो, पुढचा तास नेहमीसारखा खुला. शिक्षा म्हणून पुढचे तास काढून घेणं म्हणजे वर्गही हिसकावता येतो हे शिकवणं.

काम करता करता एखादा मुलगा घरातल्या मारहाणीबद्दल किंवा अत्याचाराबद्दल सांगू लागला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. ऐकून घ्या, खोदून विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवा. ही व्यक्ती कोण आणि तिचा फोन कोणता, हे वर्ग सुरू होण्याआधीच ठाऊक हवं.

फोटोचं तेच. बालगृहातल्या किंवा न्यायालयीन प्रकरणातल्या मुलांचे चेहरे आणि नावं बाहेर जाऊ देता येत नाहीत. हात, पाठ, ब्रश, भिंत यांचेच फोटो काढायची सवय लावली की कुणालाच वेगळं काढावं लागत नाही.

भिंतीवर काय काढायचं

इथे दोन टोकं टाळायची. एकात मोठा माणूस चित्र आणतो आणि मुलं फक्त रंग भरतात. दुसऱ्यात सगळ्यांचं सगळं घेतलं जातं आणि भिंतीवर पताका, पक्षी, हात, पृथ्वी अशी भेळ होते. मधला रस्ता असा: पहिल्या तासांतल्या कामांतूनच आकार निवडा. बाटलीची सावली, मोनोप्रिंटमधली वाकडी खुर्ची, फाडलेल्या स्टेन्सिलची कड. ही कामं फोटोकॉपी करून कापा आणि ६० × ३० सेंटीमीटरच्या कागदावर मुलांना सरकवत ठेवायला द्या. तीन-चार मांडण्या झाल्या की चिठ्ठ्या टाकून मत घ्या. हात वर करून नको. मग सगळ्यात आडदांड मुलाचीच मांडणी निवडून येते.

वस्तीतल्या लोकांनाही याच टप्प्यावर विचारा, रंग लागल्यावर नव्हे. मांडण्या भिंतीपाशी टांगा, दोन संध्याकाळी तिथे उभे राहा, काय खटकतं ते लिहून घ्या. आकडे, चिन्हं, रंगांच्या जोड्या यांना एखाद्या भागात टोळ्यांचा अर्थ असतो; त्या भागात काम करणारा कार्यकर्ता मांडणी एकदा बघून गेला की ही चूक टळते. मालकाची परवानगी लेखी घ्या आणि त्यात चित्र किती वर्षं ठेवायचं, मध्येच भिंत पाडायची किंवा रंगवायची झाली तर किती दिवस आधी कळवायचं, हे घाला. मुलांचं काम कुणी न सांगता पुसलं, तर आधी कमावलेला सगळा भरवसा त्यासोबत जातो.

मांडणी पक्की झाली की ती सपाट आकारांत बदला. छटा नाहीत, कडा स्पष्ट, आणि तळहातापेक्षा लहान आकार एकही नाही. हे सौंदर्यासाठी कमी आणि गैरहजेरीसाठी जास्त आहे: सपाट तुकडा कुणीही सुरू करून दुसऱ्या कुणीही संपवला तरी जोड दिसत नाही. लॉस एंजेलिसमध्ये चित्रकार ज्युडी बाका यांनी १९७६ पासून वेगवेगळ्या उन्हाळ्यांत चारशेहून जास्त तरुणांना घेऊन ‘ग्रेट वॉल’ नावाचं सुमारे ८४० मीटर लांबीचं भित्तिचित्र रंगवलं, त्यांतले अनेकजण बालन्यायव्यवस्थेतून आलेले होते. एवढं काम तुकड्या पाडून आणि प्रत्येक तुकडीला आपापला भाग देऊनच होतं.

भिंत तपासणं

भिंतीचा निकाल रंगाआधी लावा. चार तपासण्या पुरतात.

ओल: ४५ सेंटीमीटर चौरस जाड प्लास्टिक चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक पूर्ण दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय आणि वर काहीही लावलं तरी पोपडे येतील. ती भिंत सोडा किंवा आधी गळती दुरुस्त करून घ्या.

भुकटी: तळहात घासा. पांढरा झाला तर जुना रंग सुटतोय. ब्रशने घासून, धुऊन, प्रायमर (रंगाआधीचा, पकड देणारा थर) लागेल. चुन्याचा हात असेल तर खरवडणं टळत नाही, त्यावर ॲक्रिलिक रंग धरत नाही.

पकड: जुन्या रंगावर कटरने फुली मारा, त्यावर टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंगाचे तुकडे आले तर तो थर काढावाच लागेल.

नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा. ताज्या सिमेंटचा क्षार रंग जाळतो आणि पांढरे डाग वर फुटतात.

मग खरवडणं, भेगांमध्ये बाहेरच्या भिंतीची पुट्टी, धुणं, दोन दिवस वाळवणं, प्रायमर. खरवडताना चष्मा आणि मास्क. जुन्या इमारतीच्या रंगात शिसं असण्याची शंका असेल तर कोरडं घासणं मुलांकडून करून घेऊच नका. उंचीचाही नियम साधा ठेवा: मुलं जमिनीवर उभं राहून हात पोचेल तिथपर्यंत, परांचीवर फक्त मोठी माणसं.

चित्र उतरवणं

६ × ३ मीटरच्या भिंतीसाठी ६० × ३० सेंटीमीटरच्या मांडणीवर ३ सेंटीमीटरच्या चौकटी आखा. भिंतीवर त्याच ३० सेंटीमीटरच्या होतात. आडव्या २०, उभ्या १०, एकूण २००. उभ्या रांगांना अक्षरं, आडव्यांना आकडे. ‘ग-४ तुझा’ म्हटलं की दहावीस चौकटींचं काम वाटता येतं.

भिंतीवर रेघा मारायला सूतदोरी वापरा, आत निळी भुकटी भरलेली. लाल भुकटी पुसली जात नाही आणि फिक्या रंगातून वर येते. प्रत्येक माप एकाच कोपऱ्यापासून घ्या, आधीच्या रेघेपासून पुढची मोजू नका. नाहीतर दर रेघेची दोन मिलिमीटरची चूक विसाव्या रेघेला चार सेंटीमीटर होते. मोजून झाल्यावर दोन्ही कर्ण तपासा: या मापाला दोन्ही ६.७१ मीटर यायला हवेत. एक जास्त आणि एक कमी असेल तर चौकट तिरकी बसलीय. उभ्या रेघेला ओळंबा लावा, इमारतीच्या कडेवर विसंबू नका.

चौकटी मोजणं ज्यांना शाळेची आठवण करून देतं त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. आधी भिंतभर मुलांना पातळ रंगाने हव्या त्या खुणा काढू द्या: अक्षरं, गोल, फुल्या, नावं. प्रत्येक खूण वेगळी हवी आणि दोन खुणांमध्ये फार अंतर नको. भिंतीचा समोरून फोटो घ्या, मोबाइलवर त्यावर मांडणी अर्धपारदर्शक ठेवा, आणि ‘या फुलीच्या उजव्या टोकापासून त्या गोलापर्यंत’ अशा रेघा ओढत जा. चौकटींपेक्षा हे वेगाने होतं आणि खाली कायम त्यांची लिखावट राहते. फोटो तिरका घेतला असेल तर मात्र सगळं फिसकटतं.

रेघ कशाने ओढायची यातही एक सापळा आहे. पर्मनंट मार्करची शाई वरच्या तीन हातांतूनही फुटून येते. पेन्सिल पिवळ्याखाली दिसते. पातळ केलेला गेरू आणि बारीक गोल ब्रश बरा.

रंग

१ लिटर ॲक्रिलिक एक्स्टिरिअर रंगात एका हाताला साधारण १० चौरस मीटर धरा. १८ चौरस मीटरला प्रायमर दोन लिटर लागतो, आणि दोन हातांना रंग ३.६ लिटर. सांडणं आणि कालवणं धरून रंग ६ लिटर घ्या. त्यांत पांढरा ३ लिटर, निळा, पिवळा, लाल प्रत्येकी ७५० मिलिलिटर, गेरू अर्धा लिटर, काळा पाव लिटर. पांढरा एवढा कारण प्रत्येक फिक्या छटेत तो जातो, आणि संपतो तोच आधी. लोहाच्या ऑक्साइडचे मातकट रंग उन्हात टिकतात. भडक गुलाबी आणि जांभळे सर्वांत आधी उतरतात, म्हणून चित्राचा आधार त्यांच्यावर ठेवू नका.

मुलांसोबत १६ ते २० छटा कालवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. झाकणावर त्याच रंगाचा ठिपका आणि आकडा. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका, ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. ठिपका वाळू द्या. प्रत्येक छटा लागेल त्याच्या पाचव्या हिश्श्याने जास्त कालवा, कारण तीच छटा पुन्हा तशीच जमत नाही. मग भिंतीवरच्या प्रत्येक आकारात खडूने डब्याचा आकडा लिहा. इथे गैरहजेरीचा प्रश्न सुटतो: येणारा मुलगा आकडा बघतो, डबा घेतो, सुरू करतो.

तुकड्यांची प्रतवारीही करून ठेवा. मोठे मोकळे भाग क्वचित येणाऱ्यांसाठी, कडा नियमित येणाऱ्यांसाठी, शेवटची बारीक रेघ फक्त ज्यांनी कागदावर सराव केलाय अशा एकदोघांसाठी. ज्याचा हात स्थिर नाही त्याला मोठा भाग मिळतो आणि भिंतीवर त्याचाच रंग सर्वांत जास्त दिसतो, हे त्याला सांगा.

रंगवताना ब्रश केसांच्या एक तृतीयांशापर्यंतच बुडवायचा, वरून खाली यायचं म्हणजे ओघळ पुढच्या रंगाखाली जातात. पाणी जास्तीत जास्त १० टक्के. त्यापुढे बांधणी सुटते आणि वाळलेला रंग हाताला लागतो. थेट उन्हात काम नको, कड वाळून जोड दिसतात. तापमान १० अंशांखाली असेल किंवा चार तासांत पाऊस असेल तर त्या दिवशी डबे उघडू नका, कागदावर काम घ्या.

संध्याकाळी मुलं गेल्यावर त्यांच्या कडा ‘नीट करण्याचा’ मोह कलाकारांना होतो. दुसऱ्या दिवशी मुलगा ते ओळखतो. दुरुस्ती लागत असेल तर त्याच्या देखत, त्याच्या हातून.

भिंतीपर्यंत न पोचणाऱ्यांसाठी

काहींना संस्थेच्या बाहेर यायची परवानगीच नसते. त्यांच्यासाठी कापडाची रीत आहे. फिलाडेल्फियात १९८४ साली भिंती खराब करणाऱ्या तरुणांना वळवण्यासाठी सुरू झालेल्या आणि जेन गोल्डन यांनी वाढवलेल्या भित्तिचित्रांच्या कार्यक्रमात ती रूढ झाली. तुरुंगातल्या माणसांनीही तिथे आत बसून भिंतींचे भाग रंगवले आहेत.

न विणलेलं पातळ पॉलिएस्टर कापड दीड मीटरच्या तुकड्यांत कापा, प्रायमर लावा, त्यावर चित्राचा भाग आणि आकडे उतरवा. सुती कापड नको, ते आक्रसतं आणि ओलीने कुजतं. रंगवलेले तुकडे पूर्ण वाळवून, मध्ये प्लास्टिक ठेवून गुंडाळा. रंगाला रंग टेकला की चिकटतो. लावताना भिंतीवर ॲक्रिलिक जेलचा भरपूर थर द्या, कापड वरून खाली सोडा, प्लास्टिकच्या पट्टीने मधून कडेकडे हवा काढा आणि वरूनही जेल फिरवा. मागून फुगा राहिला तर कटरने चीर देऊन आत जेल भरा आणि दाबा. कडा सुटतात त्या जेल कमी पडल्यामुळे. कडांना बोटाने जास्तीचा थर द्या. परांचीवरचा वरचा भागही याच रीतीने मुलांना जमिनीवर करता येतो.

नंतरची देखभाल

रंग दोन आठवडे पिकू द्या, मग पारदर्शक संरक्षक थर. ज्या भिंतीवर कुणी लिहिण्याची शक्यता आहे तिथे धुऊन निघणारा थर बरा, डाग गेल्यावर तेवढाच भाग पुन्हा लावता येतो. भिंतीवर लिहिलं गेलं तर दोन-तीन दिवसांत काढा. एक राहिलं की त्याशेजारी दुसरं येतं. उद्घाटनाला भाषणं ठेवायची असतील तर मुलांना ब्रश हातात देऊन शेवटचा एक तुकडा रंगवण्यापुरता राखून ठेवा, उभं राहून टाळ्या ऐकणं बऱ्याच जणांना नको असतं.

दर सहा महिन्यांनी मऊ ब्रशने धूळ धुवा आणि खालची अर्धा मीटर पट्टी नीट बघा, पाण्याचे शिंतोडे तिथेच उडतात. डागडुजीसाठी ठेवलेल्या डब्यांवर आकडा, तारीख आणि आकाराची जागा लिहा. डबा अर्धा रिकामा असेल तर रंग लहान डब्यात काठोकाठ ओता, आत हवा राहिली की वर साय धरते.